प्लूटोची हळहळ बाजूला ठेवून: एखादी वस्तू ग्रह आहे हे खगोलशास्त्रज्ञ कसे ठरवतात?

अंजनेरी (धागालेखक)

हिवाळ्यात आभाळ निवळले की नाशिकचे आम्ही काही आकाशप्रेमी त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला दुर्बीण लावतो आणि येणाऱ्यांना गुरूचे चंद्र, शनीची कडी असे जे त्या दिवसांत दिसते ते दाखवतो. बघून झाले की पालकांपैकी कोणी तरी हमखास विचारते, "प्लूटोला ग्रहांतून का काढले?" विचारणाऱ्याच्या स्वरात बहुतेक वेळा हळहळ असते आणि तिच्यामागे अशी समजूत असते की काही शास्त्रज्ञांनी एका दिवशी एकत्र बसून, हात वर करून, कालपर्यंत खरे असलेले काही तरी खोटे ठरवले. ही समजूत दूर करायला तिथल्या तिथे दिलेले दोन वाक्यांचे उत्तर पुरत नाही, म्हणून हा धागा.

आधी व्याख्या पाहू. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या महासभेत जो ठराव मंजूर झाला, त्यानुसार आपल्या सूर्यमालेतील ग्रहाने तीन अटी पुऱ्या करायला हव्यात. तो सूर्याभोवती फिरत असावा. त्याचे वस्तुमान इतके असावे की स्वतःच्या गुरुत्वाकर्षणापुढे खडकाचा किंवा बर्फाचा ताठपणा टिकू नये आणि त्याला जवळजवळ गोल आकार यावा. आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटींत बसणारी, तिसरीत न बसणारी आणि कोणाचाही उपग्रह नसलेली वस्तू बटुग्रह ठरते. प्लूटो, एरिस, सेरेस, हौमिया आणि माकेमाके हे पाच बटुग्रह संघाच्या यादीत आहेत.

ही अडचण २००६ मध्ये पहिल्यांदा उद्भवली नव्हती, आणि माझ्या मते सेरेसची हकिगत सांगितल्याशिवाय प्लूटोची सांगूच नये. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझ्झी यांना मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत एक फिरती वस्तू सापडली. त्या जागेत ग्रह असावा अशी अनेकांची अपेक्षा होतीच, त्यामुळे सेरेसला ग्रह मानण्यात कोणाला संकोच वाटला नाही. पुढे १८०२ मध्ये पॅलास, १८०४ मध्ये जूनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा सापडले. विल्यम हर्शेल यांनी १८०२ मध्येच यांपैकी पहिल्या दोन वस्तू वेगळ्या वर्गातल्या असल्याचे सांगून त्यांच्यासाठी वेगळे नाव सुचवले होते. तरीही पुढची जवळजवळ चार दशके ग्रहांच्या यादीत या चौघांची नावे छापली जात राहिली. मग १८४५ मध्ये पाचवी वस्तू सापडली, १८४७ पासून दरवर्षी नव्या वस्तूंची भर पडू लागली आणि १८५१ अखेर त्यांची संख्या १५ झाली. एकाच पट्ट्यात, जवळजवळच्या कक्षांत फिरणाऱ्या इतक्या वस्तूंना मोठ्या ग्रहांच्या पंक्तीत बसवणे अवघड होऊ लागले. त्यांना ग्रहांसारखी चिन्हे देणे थांबले, क्रमांक देणे सुरू झाले आणि त्या लघुग्रह झाल्या. यासाठी कोणतीही सभा भरली नव्हती आणि मतदानही झाले नव्हते. अधिक वस्तू दिसल्या, म्हणून वर्गवारी बदलली.

प्लूटोच्या बाबतीत नेमके हेच घडले, फक्त अधिक कालावधीत. १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉम्बॉ यांना लॉवेल वेधशाळेत प्लूटो सापडला, तेव्हा शोध चालला होता तो युरेनस आणि नेपच्यून यांच्या गतीवर परिणाम करणाऱ्या एका मोठ्या ग्रहाचा, आणि म्हणून जे सापडले ते मोठेच असणार असे धरले गेले. सुरुवातीचे अंदाज प्लूटोला पृथ्वीच्या तोडीचे वस्तुमान देत होते. पुढे हा अंदाज उतरत गेला, आणि १९७८ मध्ये प्लूटोचा शॅरन हा चंद्र सापडल्यावर वस्तुमान थेट मोजता आले, ते पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढे निघाले. आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही ते कमी आहे. १९९२ मध्ये डेव्हिड जुइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक वस्तू सापडली आणि मग तिथल्या कायपर पट्ट्यातील (नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ वस्तूंच्या पट्ट्यातील) वस्तूंची रांगच लागली. २००५ मध्ये माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिसचा शोध जाहीर केला. तिचे वस्तुमान प्लूटोहून सुमारे सव्वापट आहे. आता दोनच मार्ग उरले: एरिसला दहावा ग्रह म्हणून तिच्यामागून येणाऱ्यांसाठीही दार उघडे ठेवायचे, किंवा सेरेसला जो न्याय लावला तोच प्लूटोला लावायचा.

माझे म्हणणे असे आहे की तिसरी अट कितीही वेड्यावाकड्या शब्दांत लिहिलेली असली, तरी ती ज्या भेदाकडे बोट दाखवते तो भेद निसर्गातच आहे. स्टीव्हन सॉटर यांनी २००६ मध्ये एक साधे गुणोत्तर मांडले: वस्तूचे वस्तुमान भागिले तिच्या कक्षेच्या पट्ट्यातील इतर सर्व वस्तूंचे एकत्रित वस्तुमान. पृथ्वीसाठी हा आकडा सुमारे १७ लाख येतो. आठही ग्रहांचे आकडे हजारांच्या वर आहेत. सेरेससाठी तो ०.३३ आहे आणि प्लूटोसाठी ०.०७ च्या आसपास. म्हणजे प्लूटोच्या पट्ट्यातील बाकीचा ऐवज प्लूटोच्या चौदापट आहे. हजारांचे आकडे एका बाजूला, एकाहून लहान आकडे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कोणीच नाही. शेतजमिनीची वाटणी करताना मधून वाहता ओढा असेल तर बांध कुठे घालायचा यावर वाद होत नाही. प्राग येथे जो बांध घातला गेला तो अशा ओढ्याच्या कडेने घातला गेला.

यावर मतभेद असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

देवळालीकर

अंजनेरी, मांडणी आवडली, परंतु मतदानाचा मुद्दा आपण फार सहज ओलांडला आहे. संघाचे सभासद तेव्हा नऊ हजारांच्या घरात होते आणि महासभेच्या अखेरच्या दिवशी सभागृहात मत देणारे ४२४ होते. टपालाने किंवा संगणकावरून मत देण्याची सोय नव्हती. जो परतीच्या प्रवासाला निघाला त्याचे मत गेले. मी आयुष्यभर कारखान्यात मोजमापांचे काम केले आहे. एखादे मानक इतक्या थोड्या हजेरीत ठरवले गेले असते तर आम्ही ते स्वीकारले नसते.

दुसरे असे की "परिसर मोकळा केलेला असावा" या वाक्यातून नेमके काय मोजायचे ते कळत नाही. गुरूच्या कक्षेत, त्याच्या पुढे आणि मागे साठ अंशांवर, ट्रोजन लघुग्रहांचे दोन मोठे घोळके आहेत आणि त्यांतील दहा हजारांहून अधिक लघुग्रहांची नोंद झालेली आहे. पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणारे तीस हजारांहून अधिक लघुग्रह माहीत आहेत. मग गुरूने आणि पृथ्वीने परिसर मोकळा केला असे कसे म्हणायचे? शिवाय ग्रहशास्त्रज्ञ ॲलन स्टर्न यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो: पृथ्वीला उचलून प्लूटोच्या जागी ठेवले तर तिलाही तो अफाट परिसर मोकळा करता येणार नाही. वस्तू तीच, जागा बदलली म्हणून ती ग्रह राहत नाही, हे तर्काला धरून नाही.

अंजनेरी

देवळालीकर काका, आक्षेप नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मतदानाची पद्धत समाधानकारक नव्हती हे मला मान्य आहे. पण ठरावाचा मसुदा अखेरच्या दिवशी आयत्या वेळी पुढे आला असे मात्र नाही. त्याआधी १६ ऑगस्टला इतिहासकार आणि खगोलशास्त्रज्ञ ओवेन गिंगरिच यांच्या समितीने वेगळाच मसुदा मांडला होता. त्यात फक्त सूर्याभोवती फिरणे आणि गोल असणे एवढेच पुरेसे होते. तो संमत झाला असता तर सेरेस, शॅरन आणि एरिस यांच्यासह एकूण १२ ग्रह झाले असते, शिवाय आणखी डझनभर वस्तू दारात उभ्या होत्या. शॅरनला ग्रह म्हणण्याचे कारण असे की प्लूटो आणि शॅरन ज्या बिंदूभोवती फिरतात तो त्यांचा सामाईक गुरुत्वमध्य प्लूटोच्या पृष्ठभागाच्या बाहेर पडतो. या मसुद्याला सभागृहात जोरदार विरोध झाला, आणि वस्तूंच्या गतीचा अभ्यास करणाऱ्यांनी, त्यांतही उरुग्वेच्या हुलिओ फर्नांडेस आणि गोन्सालो तान्क्रेदी यांनी, कक्षेवरील वर्चस्वाचा मुद्दा पुढे आणला. त्या आठवडाभराच्या वादातून तिसरी अट आली. मसुदा घाईत लिहिला गेला हे त्याच्या शब्दांवरून दिसते. मात्र त्यामागचा विचार स्टर्न आणि हॅरोल्ड लेव्हिसन यांनीच २००० मध्ये गणिताने मांडलेला होता, आणि आपण ज्यांचा आधार घेतलात ते स्टर्न हेच, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्या दोघांनीही परिसरावर वर्चस्व असलेले आणि नसलेले असे दोन गट पाडले होते. फक्त दोन्ही गटांना ग्रह म्हणावे असे त्यांचे मत होते.

ट्रोजनांविषयी. ते गुरूच्या कक्षेत आहेत ते गुरूच्याच गुरुत्वाकर्षणामुळे. गुरूने त्यांना ज्या जागी धरून ठेवले आहे तिथून ते हलत नाहीत, आणि त्यांचे सगळ्यांचे मिळून वस्तुमान गुरूपुढे नगण्य आहे. मोकळा परिसर याचा अर्थ रिकामा परिसर असा नाही. त्या परिसरात कोण कुठे राहील हे एकच वस्तू ठरवते, असा तो अर्थ आहे. प्लूटोची गोष्ट याच्या उलट आहे. नेपच्यूनच्या सूर्याभोवती तीन फेऱ्या होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या बरोबर दोन होतात, आणि या अनुनादामुळे त्यांच्या कक्षा एकमेकींना ओलांडत असूनही ते दोघे कधी जवळ येत नाहीत. आयआयटी दिल्लीत शिकलेल्या रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की नेपच्यून आरंभीच्या काळात हळूहळू बाहेर सरकला आणि सरकताना त्याने प्लूटोला या अनुनादात अडकवून बरोबर नेले. प्लूटोची १७ अंशांनी कललेली, लांबट कक्षा ही त्याच्या स्वतःच्या घडणीपेक्षा नेपच्यूनच्या प्रवासाची अधिक साक्ष देते.

आता पृथ्वीला प्लूटोच्या जागी ठेवण्याविषयी. हा आक्षेप मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे, परंतु त्याचे उत्तर आकड्यांत मिळते. ज्याँ-ल्यूक मार्गो यांनी २०१५ मध्ये एक कसोटी दिली. ताऱ्याचे वस्तुमान, वस्तूचे वस्तुमान आणि तिचा परिभ्रमणकाळ या तीन गोष्टी माहीत असल्या की ताऱ्याच्या आयुष्यात ती वस्तू आपला पट्टा साफ करू शकेल की नाही हे काढता येते. या कसोटीचा आकडा १ हून जास्त आला तर वस्तू ग्रह. पृथ्वीसाठी तो सुमारे ८००, मंगळासाठी ५४, सेरेससाठी ०.०४ आणि प्लूटोसाठी ०.०३ च्या आसपास येतो. सूर्यापासून अंतर वाढवत नेले तर हा आकडा घटतो हे खरे. तरीही पृथ्वी सुमारे ४०० खगोलीय एककांपर्यंत (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांतील सरासरी अंतर) आणि मंगळदेखील ५० एककांच्या थोडा पलीकडेपर्यंत कसोटीला उतरतो. प्लूटोचे सरासरी अंतर ३९.५ एकक आहे. म्हणजे त्या जागी ठेवलेली पृथ्वी तर ग्रह राहीलच, पण मंगळही राहील.

मार्गो यांच्या कामातून आणखी एक गोष्ट निघते, जी मला फार महत्त्वाची वाटते: सूर्यमालेत जी वस्तू तिसऱ्या अटीला उतरते ती आकाराने गोल असतेच. दुसरी अट वेगळी लिहिण्याची गरजच उरत नाही.

भूस्तर

मी भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकतो. कक्षेवरून ग्रह ठरवणे म्हणजे वस्तूकडे न बघता तिच्या शेजाऱ्यांकडे बघणे होय.

आमच्या शास्त्रात प्रश्न विचारला जातो तो असा की वस्तूच्या आत काय घडले. एका मर्यादेपलीकडे वस्तुमान गेले की वस्तू गोल होते, तिच्यात जड द्रव्य खाली आणि हलके वर असे थर पडू शकतात, आतून उष्णता बाहेर येते, पृष्ठभाग फाटतो, वितळतो, नव्याने घडतो. ब्रह्मगिरीचा कातळ बेसाल्टचा आहे आणि चंद्रावरची काळी मैदानेही बेसाल्टचीच आहेत. लाव्हा कसा पसरला, कसा थंड झाला हे समजून घेताना मला दोन्हींसाठी एकच शास्त्र लागते, आणि त्यातला एक जण दुसऱ्याभोवती फिरतो याने त्या शास्त्रात काहीच फरक पडत नाही. गॅनिमीड आणि टायटन हे उपग्रह व्यासाने बुधाहून मोठे आहेत. टायटनवर दाट वातावरण आहे, पाऊस आहे, द्रव मिथेनची सरोवरे आहेत. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेले तेव्हा तिथे नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान आणि पाण्याच्या बर्फाचे उंच डोंगर दिसले. त्या मैदानावर उल्काविवरे जवळजवळ नाहीतच, म्हणजे भूशास्त्रीय मोजमापाने तो पृष्ठभाग ताजा आहे. अशा जगाला ग्रह म्हणायचे नाही, हे मला पटत नाही.

कर्बी रनियन, स्टर्न आणि इतरांनी २०१७ मध्ये जी व्याख्या सुचवली ती मला सरळ वाटते: ज्या वस्तूत कधीही अणुसंमीलन झाले नाही आणि जी स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झाली आहे, ती ग्रह, मग ती कोणाभोवतीही फिरो. या हिशोबाने ग्रहांची संख्या शंभराच्या वर जाते. जाऊ द्या. मूलद्रव्ये शंभराहून अधिक आहेत म्हणून रसायनशास्त्र कोणी थोडक्यात आटोपले नाही. आणि इतिहासाचाच दाखला द्यायचा तर गॅलिलिओंनी १६१० मध्ये गुरूच्या चार चंद्रांना ग्रहच म्हटले होते.

पंचवटी

इथली चर्चा मन लावून वाचत आहे. एक शंका विचारतो, ती अस्थानी वाटल्यास सोडून द्यावी. आमच्या घरी पौरोहित्य आहे आणि नवग्रहांची पूजा नित्याची आहे. त्यात सूर्य, चंद्र, राहू आणि केतू येतात, पृथ्वी येत नाही. या नव्या व्याख्येमुळे सिंहस्थासारख्या गोष्टींच्या गणितावर काही परिणाम होतो का?

अंजनेरी

पंचवटी, शंका अस्थानी नाही. पूजेतील नवग्रह ही पृथ्वीवरून आभाळ पाहणाऱ्याची यादी आहे. चंद्राची कक्षा सूर्याच्या आभासी मार्गाला ज्या दोन बिंदूंत छेदते ते बिंदूही म्हणूनच तिच्यात आहेत, कारण ग्रहणे तिथेच होतात. व्याख्येतील ग्रह ही वस्तूंची वर्गवारी आहे. सिंहस्थाचे गणित गुरूच्या गतीवर चालते आणि तिला या ठरावाचा स्पर्शही होत नाही. गुरूची एक फेरी ११.८६ वर्षांची असल्यामुळे सात फेऱ्या ८४ ऐवजी ८३ वर्षांतच पूर्ण होतात, आणि म्हणून बारा वर्षांचा मेळा केव्हा तरी अकराव्या वर्षी येतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ मध्ये कुंभ झाला तो यामुळेच.

भूस्तर सर, आपल्या लिखाणातील एकही विधान मला नाकारायचे नाही. टायटनचा अभ्यास करणाऱ्याने त्याला ग्रह म्हटले तर मला ते समजते, आणि शोधनिबंधांत तसे म्हटले जातेही. परंतु गोलाई ही सीमारेषा म्हणून मला वापरण्याजोगी वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. शनीचा मिमास हा चंद्र जेमतेम ४०० किलोमीटर व्यासाचा असून गोल आहे, कारण तो बर्फाचा आहे. व्हेस्टा ५२५ किलोमीटरचा असूनही बेढब आहे. तो खडकाळ आहे आणि त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ एका प्रचंड आघाताने केलेला खळगा आहे. हौमिया चार तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती लांबट झाली आहे. काटेकोर मोजले तर बुधाचा आकारदेखील त्याच्या आजच्या परिवलनाला साजेसा नाही. गोल, जवळजवळ गोल आणि पुरेसा गोल नाही अशी ही एकसलग उतरंड आहे, आणि तिच्यात कुठेही मोठे अंतर पडलेले नाही. त्यातून नेपच्यूनपलीकडच्या बहुतेक वस्तू आपल्याला दुर्बिणीतून प्रकाशाचा ठिपका म्हणूनच दिसतात. त्यांची गोलाई मोजणार कशी? कक्षा आणि वस्तुमान मात्र दुरूनही काढता येते, विशेषतः वस्तूला चंद्र असेल तर.

याहून खोल कारण घडणीचे आहे. सूर्याभोवतीच्या वायू आणि धुळीच्या तबकडीत आधी लहान पिंड तयार झाले, ते एकमेकांवर आदळत वाढले, आणि काही जागी एक पिंड इतका मोठा झाला की त्याने आसपासचे द्रव्य एक तर गिळले, नाही तर दूर फेकले. त्या जागी घडणीचे काम पूर्णत्वाला गेले. मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये गुरूच्या ओढीमुळे ते काम अर्धवट राहिले, आणि नेपच्यूनपलीकडे द्रव्य विरळ व काळ अपुरा असल्याने ते तसेच थांबले. सेरेस आणि प्लूटो ही त्या थांबलेल्या कामातील सर्वांत मोठी आणि म्हणूनच सर्वांत मोलाची उरलेली साधने आहेत. आपण ज्यांना शेजारी म्हणता, त्यांच्याकडे बघितल्याशिवाय ही गोष्ट कळूच शकत नाही. वस्तू आतून कशी आहे हे भूशास्त्र सांगेल, ती तिथे का आहे हे तिची कक्षा सांगते, आणि सूर्यमालेची रचना समजावून सांगताना मी दुसऱ्या प्रश्नाला आधी घेईन.

सिन्नर_शिक्षिका

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. माझ्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांत नऊ ग्रह पाठ होते, आता मुलांना आठ सांगते, आणि मध्ये काय घडले ते एका वाक्यात उरकावे लागते, याची मला खंत वाटत असे. वरची चर्चा वाचून मी वर्गात एक गोष्ट केली. फळ्यावर नावे न देता चौदा वस्तूंचा तक्ता काढला: आठ ग्रह, चंद्र, गॅनिमीड, सेरेस, व्हेस्टा, प्लूटो आणि एरिस. प्रत्येकीसमोर व्यास, कोणाभोवती फिरते आणि त्याच पट्ट्यात तिच्यासारख्या आणखी किती वस्तू आहेत एवढेच लिहिले, आणि मुलांना गट पाडायला सांगितले.

पहिल्यांदा बहुतेकांनी व्यासावरून गट पाडले, त्यामुळे बुध, चंद्र आणि गॅनिमीड एकत्र आले, आणि पृथ्वी व गुरू वेगळ्या गटांत गेले. भूस्तर सरांना हा गट आवडेल. मग एका मुलीने शेवटच्या रकान्याकडे लक्ष वेधले आणि एकट्या राहणाऱ्या व गर्दीत राहणाऱ्या असे दोनच गट पाडावेत असे सुचवले. नावे सांगितल्यानंतर वर्गात जी चर्चा झाली ती मला पाठ्यपुस्तकातील वाक्याने कधीही मिळाली नव्हती. आता प्लूटोविषयीची हळहळ पालकांना अधिक आहे असे दिसते. मुलांना एरिसचे कुतूहल जास्त वाटले.

भूस्तर

शिक्षिकाताई, तो पहिला गट मला आवडलाच, आणि मुलांनी तो आपणहून पाडला याची नोंद घ्यावी. पुढच्या वेळी तक्त्यात "पृष्ठभाग कशाचा" हा रकाना घालून पाहावा, अशी विनंती आहे.

निफाडकर

एक प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही. २००६ ची व्याख्या फक्त सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूंना लागू आहे. मग इतर ताऱ्यांभोवती सापडलेल्या हजारो ग्रहांचे काय? त्यांना ग्रह कोणत्या आधारावर म्हणतात? मी असे वाचले होते की अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या दुर्बिणीतून शोधलेली एक वस्तू ग्रह आणि तारा यांच्या अगदी सीमेवर आहे.

अंजनेरी

निफाडकर, आपण म्हणता ती वस्तू टीओआय ४६०३ बी, २०२३ मध्ये जाहीर झालेली. ती आपल्या ताऱ्याभोवती सव्वासात दिवसांत एक फेरी मारते, आकाराने गुरूएवढी आहे आणि वस्तुमानाने गुरूच्या सुमारे १३ पट. हा १३ चा आकडा योगायोगाने महत्त्वाचा नाही. साधारण एवढ्या वस्तुमानाला वस्तूच्या गाभ्यात ड्यूटेरियमचे (जड हायड्रोजनचे) संमीलन सुरू होऊ शकते, आणि त्यापुढच्या वस्तूंना तपकिरी बटुतारे म्हणतात. टीओआय ४६०३ बी चे मोजलेले वस्तुमान १२.९ च्या आसपास आहे आणि मोजमापातील अनिश्चितता लक्षात घेतली तर ती रेषेच्या दोन्ही बाजूंना असू शकते.

सूर्यमालेबाहेरच्या वस्तूंसाठी संघाच्या कार्यगटाची २००३ ची कामचलाऊ व्याख्या होती, ती २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्यात वरची मर्यादा या ड्यूटेरियमच्या रेषेवर आहे, शिवाय वस्तूचे वस्तुमान मध्यवर्ती ताऱ्याच्या सुमारे पंचविसाव्या भागाहून कमी असावे अशी अट आहे. खालच्या मर्यादेसाठी मात्र सूर्यमालेत जे मानतो तेच मानावे, एवढेच म्हटलेले आहे, आणि अडचण तिथेच आहे, कारण इतक्या दूरच्या वस्तूची गोलाई दिसत नाही आणि तिच्या पट्ट्यात बाकी काय आहे तेही दिसत नाही. पहिले सूर्यमालेबाहेरचे ग्रह १९९२ मध्ये एका स्पंदकाभोवती (ठरावीक ठोक्यांनी रेडिओ लहरी पाठवणाऱ्या मृत ताऱ्याभोवती) सापडले, तिथे तर प्रत्यक्ष ग्रह कोणी पाहिलेच नव्हते. स्पंदकाच्या ठोक्यांच्या वेळा किंचित पुढेमागे होत होत्या, त्यावरून ते ओळखले गेले. (नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते, तीही स्पंदकांचा असाच बारकाईने अभ्यास करते; ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी विज्ञान दिनाला तिथे जरूर जावे.)

या अडचणीवर मार्गो, ब्रेट ग्लॅडमन आणि टोनी यांग यांनी २०२४ मध्ये एक प्रस्ताव मांडला आणि त्याच वर्षी केप टाउनच्या महासभेत त्यावर बोलणेही झाले. वस्तू एका किंवा अधिक ताऱ्यांभोवती, तपकिरी बटुताऱ्यांभोवती किंवा ताऱ्यांच्या अवशेषांभोवती फिरत असावी. तिचे वस्तुमान एकावर तेवीस शून्ये इतक्या किलोग्रॅमहून अधिक असावे. आणि गुरूच्या १३ पटींहून कमी असावे. बस, एवढेच. बुधाचे वस्तुमान या खालच्या मर्यादेच्या तिप्पट आहे, प्लूटोचे तिच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढे आणि एरिसचे सहाव्या हिश्श्याएवढे. पुन्हा तीच मोकळी जागा, आणि पुन्हा रेषा तिच्यामधून.

देवळालीकर

ही व्याख्या मला मोजता येते, त्यामुळे मान्य करायला सोपी आहे. २००६ मध्ये हीच आली असती तर मी वरचा अर्धा मजकूर लिहिला नसता. फक्त एक विचारतो: कोणत्याच ताऱ्याभोवती न फिरणारे, एकटे भटकणारे जे पिंड सापडले आहेत, त्यांचे काय?

अंजनेरी

काका, या प्रस्तावात ते ग्रह ठरत नाहीत, कारण पहिलीच अट पुरी होत नाही. त्यांतले काही एखाद्या ताऱ्याभोवती घडून नंतर बाहेर फेकले गेलेले असतील आणि काही थेट वायूच्या ढगातून ताऱ्यांसारखे घडलेले असतील. एकट्या सापडलेल्या पिंडाकडे पाहून यातले काय झाले हे आज सहसा सांगता येत नाही. प्रस्तावावर अद्याप मतदान झालेले नाही. ते झाले आणि प्रस्ताव मंजूर झाला, तरी सूर्यमालेतील ग्रह आठच राहतील. बदलेल ते एवढेच की बुध ग्रह का आणि प्लूटो का नाही, हे आठवीच्या वर्गालाही एका आकड्याच्या आधाराने तपासता येईल.